टोपीवाला टाक

देव्हाऱ्यात अमेरिकन टपालवाला बसला होता. अच्युतराव स्टुलावर उभे होते. एका हातात उडालेला बल्ब, दुसऱ्या हातात नवा. खाली सुमतीबाई स्टुलाचा पाय धरून बसलेल्या. म्हणजे सगळं कसं कुटुंबाच्या देखरेखीखाली चाललेलं. तरी नवा बल्ब लागला, पांढरा उजेड खाली सांडला, आणि आपण आता पडणार असं अच्युतरावांना वाटून गेलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा या नेहमीच्या मंडळींच्या मधोमध, विड्याच्या पानावर, काडेपेटीहून जराशी मोठी चांदीची पट्टी टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर चौखूर उधळलेला घोडा. घोड्यावर पुढे झुकलेला स्वार. स्वाराच्या मागे वाऱ्यावर उडणारी टपालाची पिशवी, डोक्यावर रुंद काठांची टोपी, घोड्याच्या पायांत घुटमळणारं एक कुत्रं. घोड्याच्या कपाळावर कुंकू, स्वाराच्या छातीवर हळद. आणि तळाशी, जिथे वजन आणि शुद्धता इंग्रजीत कोरलेली असते, नेमका तिथे गंधाचा ठिपका. जणू शुद्धतेची हमी आता देवानेच स्वतःकडे घेतली होती.

"दिसतंय का नीट?" सुमतीबाईंनी खालून विचारलं.

"दिसायलंय."

"मग उतरा की. देवाच्या डोक्यावर किती वेळ उभारताव?"

अच्युतराव उतरले. उतरल्यावर माणसाला काहीतरी बोलावं लागतं. पण बोलायचं ते सगळं वरच राहिलं होतं. सुमतीबाईंनीच विषय काढला, तोही उडालेला बल्ब हातातून घेता घेता, कोथिंबीर निवडावी तशा सहज. "बरं झालं आज तुमची नजर तरी गेली. इतके महिने झाले, एक शब्द काढला न्हाई तुम्ही. मीबी न्हाई काढला. म्हटलं, जन्मभर देव नको, टाक नको केलेला माणूस. लाज वाटत असंल. गुपचूप मागवलाय, तर गुपचूप बसवावा. आपण कामून टोकायचं?"

"कुणी मागवला?"

"बास की आता नाटक. तुम्ही उदगीरला लग्नाला गेल्ताव, तवा नीलेश येऊन देऊन गेला न्हाई का? आपल्या श्रीवत्सचा मित्र. 'काकांनी श्रीवत्सकडून मागवलंय, चांदीचं हाय, जपून ठेवा' म्हणाला. उघडून बघते तर..." इथे त्या थांबल्या. पदराने उगाच बल्ब पुसला, उडालेलाच. "मैलारच्या खंडोबाला नेऊन भेटवूनबी आणलाय. आता तो घरचा झाला. हलवायचा न्हाई."

आता या बाईला काय सांगायचं? अच्युतराव बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. संसारात पेपरचा मुख्य उपयोग तोच आहे. ही चांदीची पट्टी त्यांनी देवासाठी मागवली नव्हती. सुमतीबाईंसाठी तर नव्हतीच नव्हती. ती त्यांनी स्वतःसाठी मागवली होती, पोटच्या पोराला कसम घालून, 'आईला सांगू नकोस' असं निक्षून सांगून. आणि श्रीवत्स हा आज्ञाधारक मुलगा असल्यामुळे त्याने आईला सांगितलं नाही, नीलेशलाही 'आईला सांगू नकोस' हे सांगितलं नाही, आणि नीलेशने ती सरळ आईच्याच हातात दिली. मग आपण दर रविवारी फोनवर 'ती वस्तू?' असं आवाज खाली करून विचारायचं, आणि पोराने तिकडून 'देईल हो नीलेश, घाई काय आहे?' असं म्हणायचं. वस्तू इकडे स्वयंपाकघरात. रोज आंघोळ, रोज कुंकू, रोज वरणभात. आपण जेवायला बसत होतो तिथून चार हातांवर. आणि आपण मान वळवून पाहिलं नाही, कारण देव्हाऱ्याकडे पाहायचं नाही हे आपलं तत्त्व! तत्त्व माणसाला कुठे नेऊन आपटेल सांगता येत नाही. नास्तिकानेही अधूनमधून देवाकडे पाहावं. काय सांगावं, आपलंच काहीतरी तिथे बसलेलं असायचं.

अच्युतराव टपालखात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी श्रीवत्सने त्यांना पहिली पट्टी पाठवली होती. तिच्यावर टपालाची आगबोट होती. बाप पोस्टमास्तर, म्हणून पोराने हौसेने पाठवली. बापाला ती चावली, नाद लागला. अमेरिकेत पन्नासेक वर्षांपूर्वी या पट्ट्यांचं पीक आलं होतं, असं त्यांना पुढे वाचून कळलं. माणूस चंद्रावर गेला, काढा चांदीची पट्टी. धरण झालं, काढा. आईचा दिवस, बापाचा दिवस, नाताळचा म्हातारा, एखाद्या गावच्या आगीच्या बंबाला शंभर वर्षं झाली, काढा. आपल्याकडे जसे पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात, तशा त्यांच्याकडे पट्ट्या निघत. फरक इतकाच की फलक पावसात गळतो आणि चांदी राहते. त्यातल्या एका टांकसाळीने टपालाच्या प्रवासावर बारा पट्ट्यांचा संच काढलेला. अच्युतराव त्याला टपालाचे दशावतार म्हणत, दोन जास्तीचे. गाडी, आगबोट, आगगाडी, फुगा, विमान करत करत अकरा जमल्या. प्रत्येकीला स्वतंत्र डबी, सगळ्यांना मिळून मखमलीचा ट्रे, ट्रेला कपाट, कपाटाला कुलूप. कुलूप चोरासाठी नव्हतं. सुमतीबाईंच्या हातातल्या चिंचेसाठी होतं. चांदी दिसली की त्या बाईच्या हाताला घासायची शिवशिव सुटते. आणि अच्युतरावांच्या शास्त्रात पहिला नियमच असा की जुनी चांदी घासायची नाही. तिच्यावर काळसर, निळसर जे काही चढतं ते तिचं वय असतं. "वय पुसून टाकलं तर वस्तू उरते, गोष्ट जाते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हे सांगताना त्यांचे केस ताजे रंगवलेले असत, हा भाग वेगळा.

अकरा झाल्या, बारावी राहिली. आणि संचातली पहिली तीच, घोडेस्वार. ती न मिळाल्याने गेली कित्येक वर्षं दात पडलेल्या जागी जीभ जावी तसं अच्युतरावांचं मन त्या मखमलीतल्या रिकाम्या खाचेकडे जात होतं. शेवटी ती कुठल्या तरी म्हातारीच्या मागे राहिलेल्या सामानात निघाली, श्रीवत्सने घेतली, नीलेशने मोज्यात घालून विमानातून आणली. आणि आता येत्या रविवारी कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, नाणी-पदकं जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. अच्युतरावांनी नाव दिलेलं होतं. पाटीसुद्धा छापून आली होती. 'संपूर्ण संच', खाली त्यांचं नाव, खाली भालकी. 'संपूर्ण' हा शब्द ठळक.

संध्याकाळी ते रत्नपालकडे गेले. रत्नपाल म्हणजे गल्लीच्या टोकाचं घर. नोकरीभर एकाच टपालखात्यात दोघांनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना पत्रं वेगळी केली, आणि निवृत्तीनंतर आता एकाच ओट्यावर दोन खुर्च्यांत बसून माणसं वेगळी करत असत. रत्नपालच्या गाडीतूनच रविवारी जायचं ठरलेलं. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर रत्नपाल हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. ते हसण्याहून वाईट.

"आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातले सगळे टाक पितळी डब्यात भरून मांजरा नदीत सोडले," ते म्हणाले. "आजी काठावर उभारून रडली म्हणे. मग म्हणाली, डबा तरी ठेवायचा होता."

"रत्नपाल, चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठं? त्या डब्याची आठवण अजून निघतीय आमच्या घरात. देवांची न्हाई निघत. सांगायचं काय, मास्तर, आम्ही तीन पिढ्या खपून देव घराबाहेर काढले. तुमच्या घरी इमानानं अमेरिकेतून यायलेत."

"मी काय करू ते सांगा."

"खरं सांगा वहिनींना. त्यात काय?"

"काय खरं?"

"की बाई, हे तुझ्यासाठी आणलेलं न्हाई. तुझा गैरसमज झाला. दे इकडं." रत्नपालनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणून तर बघा एकदा. तोंडातल्या तोंडात."

अच्युतरावांनी म्हणून पाहिलं. वाक्य चार-पाच शब्दांचं होतं, व्याकरण शुद्ध होतं, पण ओठांपर्यंत येऊन ते दारातच बसलं. लग्नघरात आपल्याला बोलावलंच नव्हतं हे कळलेल्या पाहुण्यासारखं. घरी परतताना त्यांना स्वतःचा राग आला, रत्नपालचा आला, श्रीवत्सचा, नीलेशचा आणि त्या मोज्याचाही आला. पण सगळ्यात जास्त आला सुमतीबाईंच्या त्या थांबण्याचा. 'उघडून बघते तर' म्हणून त्या जिथे थांबल्या होत्या तिथे त्यांचा चेहरा अच्युतरावांनी पाहिला होता. असा चेहरा त्यांनी या बाईला आजवर दिला नव्हता. आणि आता नीलेशच्या मोज्यातून, चुकून, न मागता दिला गेला होता. तो परत कसा मागायचा? टपालखात्यात एकदा पोचवलेलं टपाल पाठवणाऱ्यालाही परत मागता येत नाही, हा नियम त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना काउंटरवरून ऐकवला होता, त्याच कंटाळलेल्या आवाजात.

कारण देव हा त्यांच्या संसारातला जुना काटा होता. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा शेती झाली, भांडी झाली, आणि देव थोरल्याकडे गेले; तशी रीतच आहे. थोरले अण्णा मास्तर होऊन करजगीला स्थायिक झाले, तेव्हा देवही अफजलपूर तालुक्यात बदलून गेले. सुमतीबाईंच्या देव्हाऱ्यात उरले ते किरकोळ. कुळाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला कुलदेव, नाही. "नवा करून घेऊ की," त्या म्हणत; "मला पत्र्यात देव दिसत नाही," हे म्हणत. मग दर चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा डबा मांडीवर घेऊन ही बाई भालकीहून करजगीला जायची, बस बदलत, धूळ खात, तिथे जाऊबाईंच्या, शोभाबाईंच्या, देव्हाऱ्यासमोर पाहुण्यासारखी तळी उचलायची, आणि शोभाबाई दरवर्षी न चुकता म्हणायच्या, "बसा हो जरा. तुमच्याकडं तरी कुठं देव खोळंबलेत?" हे वाक्य सुमतीबाई घरी आणायच्या आणि काही न बोलता भांडी घासायच्या. भांडी इतकी चकचकीत निघायची की अच्युतरावांना त्यांत आपलं तोंड दिसायचं. कपाटाला कुलूप त्यानंतर लागलं. घरात एवढी चांदी, कुलपात. आणि देवाला पत्रा नाही. त्या असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. न बोलणाऱ्या बाईशी भांडायचं म्हणजे एकट्याने तळी उचलण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांना तोड सुचली, आणि सुचताच आपण इतके हुशार असून सुपरिंटेंडेंट का झालो नाही याचं त्यांना नवल वाटलं. खरा टाक करून आणायचा. शास्त्रोक्त, घोड्यावरचा खंडोबा, चांदीचा. सुमतीबाई दुपारी पडल्या की अदलाबदल. घोडा तिथे घोडा, स्वार तिथे स्वार; वर हळदीचा हात मारला की देवालासुद्धा कळायचं नाही. ते सराफ गल्लीत संगमेश्वरच्या दुकानात गेले. संगमेश्वरने गादीवर जागा केली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि विचारलं, "कुलस्वामी का पितर?"

"खंडोबा."

"एकटा का म्हाळसेसकट?" साधा डोसा का मसाला, त्या आवाजात.

"एकटा," अच्युतराव म्हणाले, आणि मग जीभ आवरली नाही. "टोपीवाला नसतो का?"

संगमेश्वरने पंखा आणखी त्यांच्याकडे वळवला. "मास्तर, देवाला ऊन लागत न्हाई."

त्याने ठशांचा लाकडी डबा उघडून पुढे केला. पितळी ठसे, कडा झिजलेल्या. खंडोबा, देवी, नाग; आणि खाली कोपऱ्यात दोनच, एक फेटेवाला पुरुष, हात जोडून; एक पदरवाली बाई, हात जोडून. "हे पितरांचे. पुरुष गेला की ह्यो, बाई गेली की ही." त्या पुरुषाला भरघोस मिशी होती. अच्युतरावांनी ठसा उचलला, आणि दुकान, पंखा, संगमेश्वर सगळं मागे सरकलं, बस निघताना स्टँड सरकतो तसं. हाच तो. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर, वर्ष झाल्यावर, थोरल्या अण्णांनी अप्पांचा म्हणून जो टाक केला होता, तो याच मिशीचा. अच्युतरावांनी तो हातात घेऊन म्हटलं होतं, "हे अप्पा नव्हेत. अप्पांना मिशी नव्हती." अण्णा म्हणाले होते, "टाकात सगळ्यांनाच मिशी असते." तेवढ्या मिशीवरून दोघं भाऊ जे बोलायचे थांबले ते लग्नमुंजीपुरतेच बोलायला लागले, लोकांना वाटलं शेतीवरून बिनसलंय. लोकांना तेच कळतं. पण अच्युतरावांचं डोकं तेव्हा जे सणकलं ते अजून खाली आलेलं नव्हतं. गावातला सावकार मेला, हाच ठसा. दारू पिऊन बायकोला मारणारा मेला, हाच. आणि पावसाळ्यात औरादहून ठाणाकुशनूरला ओढ्यातून तट्टू घालून टपाल आणणारा माणूस, तोही हाच? फेटा घालून, हात जोडून? अप्पांनी फेटा कधी बांधला नाही. निजामाच्या टपालातून ते नव्या टपालात आले तेव्हा जाणाऱ्या कुठल्या साहेबाने आपली रुंद काठांची सोला टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली होती, ती राजवट बदलली तरी बदलली नाही. बांधावर उभं राहून वाट पाहताना आधी ती टोपी दिसायची, ज्वारीच्या वर तरंगत येणारी. मग तट्टाचे कान. मग ऐकू यायची मागे लागलेली कुत्री. सगळ्यात शेवटी पिशवी. पिशवीच्या बाहेरच्या खिशात गूळ असायचा. भर दुपारी अप्पा बाभळीखाली उतरायचे, खडा मोडायचे, अर्धा स्वतः खायचे, अर्धा तट्टाला द्यायचे. "घोडं अडलं की टपाल अडतंय," म्हणायचे, जसा काही हा खात्याचाच नियम होता. त्यांचा फोटो असा नाही. शाळेच्या एका सामायिक फोटोत ते आहेत, पण त्यांच्या पुढे तालुक्याचा कुणीतरी जाड साहेब उभा आहे. साहेबाच्या खांद्यावर टोपीची कड तेवढी दिसते. आणि मग एके दिवशी मोबाईलच्या पडद्यावर हा अमेरिकन घोडेस्वार आला, आणि अच्युतरावांनी दोन बोटांनी ते चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, ठिपके दिसेपर्यंत. संच पूर्ण करायचाय, असं ते सगळ्यांना सांगत आले. श्रीवत्सलाही तेच सांगितलं. स्वतःलाही.

"करू का मग?" संगमेश्वर विचारत होता. "एकटा?"

"राहू दे," अच्युतराव म्हणाले, आणि ठसा डब्यात आपटला. विनाकारण. ठशाचा काय दोष?

अदलाबदल करता येणार नव्हती. त्या बाईच्या हातात मिशीवाला द्यायचा आणि टोपीवाला आपण न्यायचा, हे जमण्यातलं नव्हतं. पण पाटी छापलेली होती. शनिवारी रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी शेवटी विषय काढला, ताटाकडे बघत, चटणी जास्त झाली असं सांगावं तसा. "उद्या गुलबर्ग्याला चांदीच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. मी चाललोय, पट्ट्या घेऊन. तो टाक नेला तर? एका दिवसापुरता. संध्याकाळी परत."

सुमतीबाईंचा वाढता हात थांबला. आता विचारणार, अच्युतरावांना वाटलं. पट्ट्यांत टाकाचं काय काम, विचारणार, आणि आपल्याला ते चार-पाच शब्दांचं वाक्य बोलावंच लागणार. त्यांनी घास खाली ठेवला.

"लोकांना दाखवणार?" सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"हो."

"मग न्या की. त्यांचं कुणी काय दाखवलंय आजवर? न्या." त्या उठल्याच. एक स्टीलची डबी आणली, तिच्यात लाल खण चौघडी करून घातला, भंडाऱ्याची पुडी ठेवली, गुळाचा मोठा खडा कागदात गुंडाळून दिला. "बारा वाजता नैवेद्य. दुसरं काय नसलं तर गूळ. चुकवायचं न्हाई."

"तिथं काचेच्या पेटीत असतंय सगळं, सुमती."

"मग पेटी उघडायची. अन् त्या मैलारच्या पुजाऱ्यासारखं तिथं कुणी मल्लण्णा-बिल्लण्णा म्हणालं तर सांगा नीट. त्यानं घोडा बघितला, कुत्रं बघितलं, म्हणाला मल्लण्णा, आपला खंडोबा. मी म्हटलं, बरं बाबा. त्याच्याशी कोण वाद घालतंय? पण मला काय डोळे न्हाईत? मल्लण्णा टोपी घालतोय व्हय? पाठीला टपालाची पिशवी मारतोय व्हय?" त्या डबीचं झाकण लावता लावता बोलत होत्या, आणि अच्युतराव हातावरचा भात वाळत चालला तरी ऐकत होते. "मी लग्न होऊन आले तवा खुंटीला टांगलेली असायची ती टोपी. तिची जाळी मीच काढायची. मामंजी म्हणायचे, सूनबाई, जपून, निजामाची हाय. अन् तुम्ही त्यांच्या मिशीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंव, जन्मभर टाक नको म्हणलाव, आणि आता म्हातारपणी पोराला सांगून थेट अमेरिकेत त्यांचा ठसा पाडून घेतलाव. मिशी न्हाई, टोपी हाय, पिशवी हाय. पायांत कुत्रंसुद्धा! उघडून बघते तर मामंजी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच डाफरल्या, "सरळ सांगितलं असतंत मला तर तोंड झिजलं असतं का?"

"न्हाई," अच्युतराव म्हणाले.

आयुष्यात एवढी तयारी करून खोटं बोलायला बसावं, आणि बोलायची वेळच येऊ नये? माणसाचा काही आब राहतो का? त्यांनी कुणाला न सांगितलेली गोष्ट, स्वतःलाही सराफाच्या गादीवर बसून कळलेली, ही बाई इतके महिने रोज सकाळी आंघोळ घालून पुसून ठेवत होती. त्यांना भयंकर राग आला. कुणाचा ते ठरेना, म्हणून त्यांनी तो चटणीवर काढला. खारट झाली म्हणाले. चटणी खारट नव्हती.

कलबुर्गीचा हॉल मोठा होता आणि पंखे लहान. काचेच्या पेट्यांची रांग, नाणी, पदकं, जुन्या नोटा, आणि प्रत्येक पेटीमागे आपल्या लेकराला बक्षीस मिळणार अशी खात्री असलेला एकेक म्हातारा. अच्युतरावांनी अकरा पट्ट्या मखमलीत मांडल्या. काळसर, निळसर, देखण्या, मुरलेल्या. मग स्टीलची डबी उघडून बारावी ठेवली. ती पिवळी होती. घोड्याच्या आयाळीत भंडारा, टोपीच्या काठात भंडारा, कपाळावर कुंकू. अकरा सोज्वळ परदेशी पाहुण्यांच्या पंगतीत एक जण यात्रेतून सरळ येऊन बसला होता. "सोयरा आलाय बघा," रत्नपाल म्हणाले.

हैदराबादहून आलेले परीक्षक भिंग डोळ्याला लावून पेट्यांवरून वाकत वाकत चाललेले. अच्युतरावांच्या पेटीशी ते थांबले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. "मास्टर साब, सेट तो लाजवाब है. मगर इस पे ये पीला क्या है? हल्दी?"

"हौ."

"किसने लगाया?"

"घर में."

"अरे, मेरे कने दवा है. डुबाओ, निकालो, एक मिनट में नवा का नवा. लाऊं क्या?"

"नक्को," अच्युतराव म्हणाले. ते जरा मोठ्याने निघालं. शेजारच्या पेटीवरच्या म्हाताऱ्याने मान वर केली. "साफ नक्को करो. चांदी पर जो बैठा, सो बैठा. वो उसकी उमर है."

"उमर तो ठीक है, साब. मगर दाग के नंबर कटते."

"काटो."

परीक्षकांनी खांदे उडवले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. अच्युतराव घामाघूम झाले. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेला आपलाच नियम आज पहिल्यांदा आपल्याला महागात पडला, आणि तो खोटा निघाला नाही, ही केवढी अडचण. नियम खोटा निघाला असता तर तेवढ्यात पुसून तरी टाकता आलं असतं. त्यांनी खिशात हात घातला, रुमालासाठी. हाताला कागदात गुंडाळलेला खडा लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"बारा वाजले," सुमतीबाई म्हणाल्या. "दाखवला का?"

"अगं, इथं माणसं आहेत. गर्दी आहे."

"मग? माणसं जेवत न्हाईत का? त्यांना बारालाच लागायचं. उन्हाचे आलेत तुमच्यासोबत." आणि फोन ठेवला. उत्तराची वाट पाहायची पद्धत त्या घरात नव्हती.

अच्युतरावांनी फोन खिशात टाकला. मूर्खपणा. शुद्ध मूर्खपणा. सत्तरीचा माणूस, निवृत्त पोस्टमास्तर, जन्मभर तर्काने वागलेला. चार लोकांत. नंबर कटलेलेच आहेत, आता अब्रूही. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रत्नपाल उठले, पेटीकडे पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून, समोरच्या नोटांचं मोठं कौतुक असल्यासारखे. आणि त्यांच्या रुंद पाठीमुळे पेटीपुरती सावली झाली.

अच्युतरावांनी काच सरकवली. कागद सोडला. गुळाचा खडा मोडला, तो नीट मोडेना, दोन्ही अंगठे लावून मोडला. अर्धा टोपीच्या समोर ठेवला. अर्धा जरा खाली, तट्टाच्या तोंडाशी.

"घ्या, अप्पा," ते दातओठ खात पुटपुटले. "अन् आटपा लवकर. लोक बघायलेत."